हरबाचं आरामाचं हँडल

मोरवड गावात हरबा नावाचा एक भोळा दूधवाला होता. सांगितलेलं ऐकायचं आणि ऐकलेलं विसरायचं नाही, असे दोन गुण त्याच्यात होते. गावाला त्रास होता तो या दोन गुणांचाच.

हरबाची सायकल बापाच्या वेळची. तिचं हँडल खाली वाकलेलं. दुधाच्या दोन किटल्या लटकवून डेअरीपर्यंत गेला की त्याची मनगटं ठणकायची, बोटं बधिर व्हायची. एरवी कुणाला काही पडलं नसतं. पण मेव्हणीचं लग्न तोंडावर आलं होतं.

हरबाची बायको अंजिरा खडकेवाडीची. तिच्या माहेरची रीत जरा वेगळी. त्यांच्याकडे आंतरपाट एका काठीला ओवतात. ती काठी थोरल्या जावयानं नवरदेवाच्या मागे स्टुलावर उभं राहून, त्याच्या डोक्यावरून पुढे, दोन्ही मुठींत धरायची. मधल्या बहिणीच्या लग्नात हा मान सासऱ्यांनी हरबाला डावलून चुलत जावयाला दिला होता. ते अंजिराला फार लागलं होतं. या वेळी तिनं बापाशी भांडून नवऱ्याचा मान परत मिळवला होता.

आता खडकेवाडी तीन कोस. तेवढी सायकल मारून हरबाच्या हातांना मुंग्या आल्या आणि भर मांडवात कापड खाली आलं तर?

"मी म्हायेरी तोंड कसं दावू?" अंजिरा म्हणाली. "आधी त्ये हँडल बदला."

हरबा सायकलवाल्या कासमभाईंकडे गेला. कासमभाईंनी त्याला नीट समजावलं की हँडल असावं खांद्याइतकं रुंद, म्हणजे हात अवघडत नाहीत. हरबानं ते लक्षात ठेवलं. लक्षात ठेवण्यात तो पक्का होता.

घरी येऊन त्यानं विचार केला. सायकलवर तो बसतो, मागे अंजिरा बसते. म्हणजे खांदे झाले चार. त्यानं दोघांची मापं एकत्र केली, लोहाराकडून तेवढा पाइप जोडून घेतला आणि सकाळी निघाला. मारुतीच्या देवळाजवळच्या बोळात सायकल जी अडकली ती ना पुढे, ना मागे. मागे म्हशी, म्हशींच्या मागे शाळेची पोरं, पोरांच्या मागे पूजेचं ताट घेतलेला गुरव. शेवटी गुरवानंच पुढे होऊन हँडल सैल केलं, फिरवलं आणि सायकल मोकळी केली.

"हरबा," तो म्हणाला, "एखादी वस्तू अडली की तिरकी करावी."

हरबानं ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जुनंच हँडल परत बसवून तो डेअरीवर गेला. दारात गर्दी होती. किटली अडली. हरबानं ती तिरकी केली. दूध पायऱ्यांवरून खाली गेलं आणि डेअरीच्या मांजरांनी त्याला मनापासून दुवा दिला. व्यवस्थापकानं दिला नाही. तो म्हणाला की भरलेली किटली समोर सरळ धरायची असते, कुणी ढकललं तरी वळू द्यायची नाही.

हरबानं तेही लक्षात ठेवलं.

इकडे कासमभाईंनी स्वतःच एक हँडल निवडलं. उंच, मुठी किंचित मागे वळलेल्या, बसलं की पाठ ताठ आणि मनगटं सरळ. हरबा बसला आणि त्याला पलंगावर बसल्यासारखं वाटलं. त्यानं दोन्ही बाजूंना किटल्या लटकवल्या आणि निघाला. पाटलांच्या गोठ्यापाशी रस्ता उजवीकडे वळतो. हरबा वळला नाही. किटल्या भरलेल्या होत्या. रस्ता गेला उजवीकडे आणि हरबा गेला उकिरड्यात.

कासमभाईंनी कपाळाला हात लावला आणि त्याला सरावासाठी शाळेच्या मैदानावर नेलं. हरबा ब्रेक दाबूनच पायडल मारत होता. ते पाहून कट्ट्यावरची माणसं ओरडली, "सोड, सोड!" हरबानं सोडलं. ब्रेक सोडला, हँडलही सोडलं.

त्याला उचलताना कासमभाई म्हणाले, "लोक वरडतच असत्यात. त्यांचं ऐकू नगं. मी सोड म्हनेपतुर दोन्ही मुठी सोडायच्या न्हाईत. ध्येनात राहील?"

ध्यानात राहणार नाही असं कधी झालं होतं?

चार दिवसांत हरबा झकास सायकल मारू लागला. लग्नाच्या दिवशी अंजिराला मागे बसवून तीन कोस गेला, आणि मनगटात कळ नाही, बोटाला मुंगी नाही. अंजिराचा जीव भांड्यात पडला. हरबा स्टुलावर चढला आणि आंतरपाटाची काठी त्यानं दोन्ही मुठींत धरली. हात खांद्याइतके रुंद, मनगटं सरळ, नजर समोर. सासरे पाहुण्यांना सांगू लागले, हे आमचे थोरले जावई.

मंगलाष्टकं संपली. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या. भटजी म्हणाले, "सोडा."

हरबा हलला नाही.

सासरे म्हणाले, सोडा. व्याही म्हणाले, सोडा. मग सगळा मांडव ओरडायला लागला. लोक ओरडतच असतात हे हरबाला माहीत होतं. दोघातिघांनी काठी ढकलून पाहिली. हरबानं ती समोर सरळ धरली आणि वळू दिली नाही. कापड फाटलं तर अपशकुन, म्हणून फार जोर कुणी करेना. नवरदेव वाकून खालून बघायला गेला, तर भटजी म्हणाले, वाकून चालत नाही.

अंजिरा पुढे आली. तिचे डोळे भरून आले होते. "अवो, सोडा की," ती म्हणाली.

"कासमभाई म्हनल्याबिगर न्हाई," हरबा म्हणाला.

नवऱ्याला तिच्याइतकं कोण ओळखणार? तिनं भावाला सायकलवर बसवलं आणि मोरवडला पिटाळलं. जाऊन यायचं म्हणजे सहा कोस. मुहूर्त टळला. भात गार झाला. वाजंत्रीवाले जेवून आले. आंतरपाट बोटभरसुद्धा खाली आला नाही.

अखेर कासमभाई मांडवात आले. पाहिलं आणि म्हणाले, "सोड."

हरबानं तत्काळ सोडलं. काठी नवरदेवाच्या डोक्यात बसली. तो डोकं चोळत असतानाच नवरीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं.

सासरे पुढे आले. एवढा वेळ हात वर धरून या माणसाला निदान शिक्षा तरी झाली असेल, या आशेनं त्यांनी विचारलं, "जावईबापू, हात दुखलं का?"

"अजाबात न्हाई," हरबा म्हणाला. त्यानं खाली उतरून आंतरपाटासकट काठी उचलली आणि ती कासमभाईंपुढे धरली.

"कासमभाई, सायकलला ह्येच बसवा."