सायत्रा गावाला शोधत फिरली

ही गोष्ट त्या काळची, जेव्हा वैनगंगेवर पूल नव्हता आणि पळसघाटला यायचं तर सायत्रा ढिवरिणीच्या डोंग्याशिवाय वाट नव्हती. नवरा वारला आणि वल्हं तिनं हाती घेतलं. ती अंगानं दांडगी होती, बोलायला फटकळ होती, आणि तिच्या डोंग्यात बसलेलं माणूस कधी बुडालं नाही, असं म्हणतात.

पळसघाट उंचावर. समोरच्या काठाला वाळूटोला ही लहानशी वस्ती, अगदी नदीला टेकलेली. दर पुराला टोल्यातली माणसं सायत्रेच्या डोंग्यातून पळसघाटला येत आणि पाणी ओसरेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या ओसरीवर राहत.

एका वर्षी मात्र टोल्यात पटकीची साथ शिरली, आणि पाठोपाठ पूर आला.

कोतवाल सायत्रेकडे येऊन म्हणाला, "डोंगा बांधून ठेव. गाव म्हणते, तिकडचं कोणी आणायचं नाही."

सायत्रेनं डोंगा बांधला. भीती तिलाही होतीच. घरात नातवंडं होती. पण समोर पाणी चढत चाललं, माणसं छपरांवर गेली. एका बाईनं लेकरू डोक्यावर धरलं आणि सायत्रेच्या नावानं हाक मारली. मग सायत्रेला काठावर बसवेना. ती उठून गावात गेली.

आधी तेलिणीच्या दारात उभी राहिली. "चंद्रभागे, डोंगा बांध म्हणून तू म्हटलं का?"

"मी कायले म्हणू, माय? माझी मावसबहीण तिकडं दिली आहे. गाव म्हणते."

कोष्ट्याला विचारलं. तो म्हणाला, "माझं काही नाही. पण बाकीचे ऐकणार नाहीत."

अशी ती दारोदार फिरली. लबाड कोणी नव्हतं. पण जो तो समजत होता, बाकी सगळ्यांचं ठरलं आहे, मग आपण एकट्यानं वाईटपणा कशाला घ्यावा.

शेवटी ती दौलत पाटलाच्या ओसरीवर चढली. पाटील खाली बघत म्हणाला, "गावापुढं मी कोण, सायत्रे?"

"मंग थे गाव राहते तरी कोनाच्या घरी?" सायत्रा म्हणाली. "मी समदी घरं पाहून आली. कोठंच सापडलं नाही."

तिथून ती सरळ घाटावर गेली आणि दोर सोडला.

पुढचं सांगताना जाणत्यांचाही आवाज हळू होतो. डोंगा जेमतेम पाच-सहा माणसांचा. पण त्या दिवशी त्यात अख्खा टोला मावला, शेळ्या आणि अंथरुणंसुद्धा. पाणी डोंग्याच्या काठोकाठ आलं आणि तिथंच थांबलं. मधल्या धारेत वाहून आलेला सागाचा ओंडका डोंग्यासमोर आपणहून वळला. वैनगंगेनं सायत्रेला लेक मानलं, असं म्हणतात.

तिनं कोणालाही गावात नेलं नाही. गावाची भीती खोटी नव्हती, हे तिला कळत होतं. बाहेरच्या आमराईत तिनं चुली मांडल्या, पाणी उकळलं, आजाऱ्यांची घाण स्वतः काढली. नातवंडांना लांबूनच पाहिलं. मग चंद्रभागेनं आमराईच्या कडेला पेजेचं मडकं आणून ठेवलं. तिला पाहून कोष्टी घोंगड्या घेऊन आला. पुढं तर रीघच लागली.

काही माणसं गेली, पुष्कळ वाचली. पटकी आमराई ओलांडून गावात आली नाही. पण सगळ्यांच्या शेवटी सायत्राच आडवी झाली.

तेव्हा पाटील स्वतः पाणी घेऊन आला. सगळ्यांदेखत तिच्या उशाशी बसला. "सायत्रे, कोतवालाले मीच धाडलं होतं. डोंगा बांध, हे माझंच म्हणणं होतं. मी भ्यालो."

मागून तेलीण म्हणाली, "मी भी गप्प राहिली."

सायत्रा हसली. "आता कसं, माणसासंग बोलल्यासारखं वाटलं," असं म्हणून तिनं पाण्याचा घोट घेतला आणि डोळे मिटले.

तिचं देऊळ कोणी बांधलं नाही. पण पळसघाटच्या बैठकीत बोलणारा आजही उभा राहतो आणि आधी स्वतःचं नाव घेतो. कोणी "लोक म्हणतात" असं सुरू केलं, की म्हातारी माणसं हात वर करून थांबवतात. नाव घेताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, आणि पुष्कळ वाईट बोलणी तिथंच विरून जातात.

मागच्या साली घाटावरची भटक्यांची पालं उठवायची गोष्ट निघाली. पण ती स्वतःच्या नावानं मांडायला कोणी उठेना. मग नवी लग्न होऊन आलेली एक सून उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "मी वनमाला. पालं राहू द्यावी, असं माझं म्हणणं आहे."

पालं राहिली.