राजाच्या हातचा पाट

एका राज्यात, धृतिमान राजा गादीवर आल्याला अकरावे वर्ष चालू असता, कार्तिक मासी, शुद्ध सप्तमीस, शरदाचे ऊन दरबाराच्या पायऱ्यांवर उतरले असताना नवे सिंहासन आले. निंबराज नावाच्या वृद्ध सुताराने ते सात वर्षे खपून घडविले होते. त्याने ते बैलगाडीतून उतरविले, स्वच्छ पुसले, आणि हात जोडून तो बाजूस उभा राहिला.

त्या राज्याची रीत अशी होती, की दारी आलेल्या माणसाला आधी पाट द्यावा, मग पाणी द्यावे, मग काम विचारावे. ही रीत गवळ्याच्या घरी पाळली जाई, कोष्ट्याच्या घरी पाळली जाई. राजवाड्यात मात्र ती कोणाच्या स्मरणात उरली नव्हती. राजाने सिंहासनाभोवती तीन फेऱ्या घातल्या, नक्षी वाखाणली, मानकऱ्यांना बोलावून दाखविली. सकाळची दुपार झाली. निंबराज उभाच होता.

राजकन्या चारुमती नऊ वर्षांची होती. सिंहासनाखालच्या दगडी पायरीवर उभी राहून ती म्हणाली, "तात, ते आजोबा सकाळपासून उभे आहेत."

"सुतारांना सवय असते, बाळ," राजा नक्षीवरची नजर न काढता म्हणाला. "उभ्यानेच त्यांचे काम चालते."

तेव्हा सिंहासन बोलले.

"राजा, माझ्या कर्त्याला या घरी बसायला पाट मिळाला नाही, म्हणून या घरचे मूल उभे राहील. तू आपल्या हातांनी एक पाट कर. तो पुरा होईल त्या दिवशी ही बसेल. मात्र साल हिच्या कंठावर चढण्याआधी तो पुरा व्हावा."

चारुमतीच्या तळव्यांना मुळे फुटली आणि ती पायरीच्या दगडात उतरली. तिच्या पावलांवर झाडाची साल चढली. राजाने वळून पाहिले, तो निंबराज निघून गेला होता.

प्रधान यशोधर म्हणाला, "महाराज, राज्यात दोनशे सुतार आहेत. आज्ञा व्हावी." दोनशे पाट आले. एकेक पाट चारुमतीपुढे ठेवला गेला, आणि एकेकाचा तिथल्या तिथे भुसा झाला. तो झाडायला दासींना सायंकाळ पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपाच्या खांबावर एक सुतारपक्षी येऊन बसला. त्याचा तुरा तांबडा होता आणि वाणी माणसाची होती.

"राजा, पाट हे घरगुती काम आहे. वर एक फळी, खाली दोन पट्ट्या. पण लाकूड, हत्यार आणि सांधा, या तीन गोष्टी तुला निवडाव्या लागतील. मी निवडणार नाही. मी नुसता टोचणार."

"मग तुझा उपयोग काय?"

"टोचण्याचाच," पक्षी म्हणाला, आणि पुढे उडाला.

पहिल्याने ते बोलक्या वनात गेले. तेथील वृक्ष विचारल्याशिवाय बोलत नसत आणि विचारल्यास खोटे सांगत नसत. राजाने विचारले, "तुमच्यात सर्वांत सुंदर कोण?" शिसव म्हणाला, "मी." राजाने त्याच दिवशी त्याची फांदी तोडून घेतली. जड काळी फळी त्याने माजघरात आणून ठेवली, आणि आठ दिवसांत ती ओल्या चपलेसारखी वाकली. चारुमतीची साल गुडघ्यांवर चढली.

"तू सौंदर्य विचारलेस," पक्षी म्हणाला. "त्याने सौंदर्य सांगितले. त्याचे काय चुकले?"

राजा वनात परत गेला. या वेळी त्याने प्रत्येकाला त्याचा दोष विचारला. शिसव म्हणाला, "मी कठीण आहे. तुझ्या हाताने माझ्यावर रंधा चालणार नाही." साग म्हणाला, "मी तुझ्या नातवंडांनाही पुरेन, पण आज ओला आहे. वर्षभर सावलीत ठेवशील तर ये." सावर म्हणाली, "मी मऊ आहे, पण कीड मला सोडत नाही." वनाच्या टोकाशी वाऱ्याने पडलेला एक शिवण वृक्ष होता. दगडांवर आडवा पडून त्याने दोन पावसाळे काढले होते. तो म्हणाला, "मी दिसायला साधा आहे. पण हलका आहे, आणि मला वाकायचे होते तेवढे मी वाकून झालो."

पक्ष्याने त्याच्यावर तीनदा चोच मारली. आवाज कोरडा आणि स्वच्छ आला. राजाने त्याच्या टोकाला चीर नाही ना, हे पाहिले, हाताने वजन अजमावले, आणि मान लवविली. शिवणाने आपल्या अंगातून तीन फळ्या सोडून दिल्या.

त्यानंतर ते डोंगरातील यक्षाच्या हत्यारघरी गेले. ते भांडार शापित होते. कामाला न जुळणारे हत्यार जो उचलील, तो ते हत्यार हाती असतानाच पाषाण होई. दारातच तीन राजपुत्र पाषाण होऊन उभे होते. एकाच्या हाती सोन्याची करवत होती. राजाने तिचा एक दात नखाने दाबून पाहिला, तो मेणासारखा वाकला.

यक्षाने विचारले, "काय हवे?"

राजाच्या ओठांवर शब्द आले होते, की सर्वांत उत्तम ते दे. ते त्याने गिळले.

"मला एक फळी कापायची आहे, ती गुळगुळीत करायची आहे, आणि तिच्यात बोटभर रुंदीची खाच पाडायची आहे. याहून अधिक काम नाही."

"इतके नेमके मागणारा या दारी प्रथमच आला," यक्ष म्हणाला आणि वाटेतून बाजूस झाला.

राजाने करवत निवडली ती बारीक दातांची. तिच्या मुठीत त्याची चार बोटे दाटीवाटी न होता मावली. रंधा निवडला तो उजेडासमोर डोळ्याच्या रेषेत धरून, त्याचा तळ सपाट असल्याची खात्री करून. खाच पाडायची पटाशी निवडली ती बरोबर बोटभर रुंदीची. तिच्या धारेने मनगटावरचा केस उतरला. तो दाराबाहेर आला आणि माणूसच राहिला.

माघ मासी त्याने सिंहासनाच्या पायरीशी काम मांडले. फळी उंच चौरंगावर ठेवून तो करवत चालवू लागला. फळी हलली, करवत तिरपी गेली, आणि त्याच्या अंगठ्यातून रक्त आले.

"खाली बस," पक्षी म्हणाला. "लाकूड पायाने धरायचे असते. सुताराचे सारे काम बसून चालते."

कार्तिकात आपण काय म्हणालो होतो, ते राजाला आठवले. तो जमिनीवर बसला, त्याने फळी पायाखाली धरली आणि रेघ सोडून बाहेरून कापली, कारण अधिक राहिलेले पुन्हा कापता येते. रोज तो रंधा चालवी, आणि लाकडाचे कुरळे सालपट चारुमतीच्या पायाशी साठे.

"तात, तुमच्या नाकावर भुसा आहे," ती म्हणे.

"असू दे."

"यशोधरकाकांना हसू येते आहे. ते खांबाआड तोंड लपवतात."

"त्यांनाही एक पट्टी घासायला देऊ का?"

"नको," चारुमती गंभीरपणे म्हणे. "ती वाकडी होईल. तुमची पहिली झाली होती तशी."

ग्रीष्मात साल तिच्या कमरेवर आली. राजाला धीर राहिला नाही. खालच्या दोन्ही पट्ट्या त्याने लोखंडी खिळ्यांनी फळीवर घट्ट ठोकल्या आणि पाट चारुमतीपुढे मांडला. काही घडले नाही.

"सांधा तू निवडला नाहीस," पक्षी म्हणाला. "नुसता उरकलास."

आषाढात हवा ओली झाली. फळी फुगू लागली, खिळे तिला फुगू देईनात, आणि एका दुपारी दोन खिळ्यांमधून ती कडाडून उभी फुटली. त्याच घटकेस साल चारुमतीच्या छातीवर चढली. ती रडली नाही. ती म्हणाली, "तात, अजून एक फळी आहे." राजाने खाली मान घालून पाहिले. वाकडी कापून एक गेली होती, फुटून दुसरी गेली होती. तिसरी तेवढी उरली होती.

तेव्हा राजा साध्या वस्त्रांत नगराबाहेर निघाला. आडवाटेवर भागाई नावाच्या वृद्ध गवळणीचे घर लागले. तिने त्याला ओळखले नाही. तिने पाट मांडला आणि पाण्याचा तांब्या आणायला ती आत वळली. राजाने बसण्याऐवजी पाट उलटा केला.

"अहो, बसायला दिलाय," भागाई म्हणाली. "उलथा करून काय बघता? खाली काही लपवलं नाही मी."

"आई, हा किती वर्षांचा?"

"माझ्या सासूच्या लग्नातला. आता बसा बघू. पाहुणा उभा राहिला की मला घास उतरत नाही."

राजा बसला. आयुष्यात प्रथमच त्याला कोणी असे बसविले होते. पाणी पिऊन त्याने या वेळी अनुज्ञा मागितली आणि पाट उलटून सांधा पाहिला. फळीच्या पाठीत आडव्या खाचा होत्या, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. पट्ट्या तशाच आकाराच्या घासून बाजूने आत सरकविलेल्या होत्या. खिळा नव्हता, चिकटवायचा सरस नव्हता. पट्टी खाली पडू शकत नव्हती, आणि फळीला मात्र पावसाळ्यात फुगायला व उन्हाळ्यात आकसायला जागा होती. राजाने खाचेवरून बोट फिरविले आणि भागाईला वाकून नमस्कार केला. ती संकोचून म्हणाली, "पाण्याचं एवढं काय!"

श्रावण गेला, भाद्रपद गेला. राजाने पटाशी तिरपी धरून खाचा कोरल्या. पट्टी घट्ट जाई तेव्हा तो ती काढी, केसभर घासी, पुन्हा घाली. ठोकण्याचा मोह झाला की हातोडा दूर ठेवी. अखेर एका सकाळी दोन्ही पट्ट्या तळव्याच्या दाबाने सरकत जाऊन बसल्या. पक्ष्याने चोच मारून पाहिली आणि तो खांबावर परत जाऊन बसला.

साल तेव्हा चारुमतीच्या कंठाशी आली होती. तिची वाचा गेली होती. डोळे मात्र उघडे होते. राजाने पाट तिच्यापुढे मांडला. तिचे गुडघे वाकेनात, पाय उचलेनात. त्याने तिला कवेत घेऊन उचलू पाहिले, पण मुळे दगड सोडीनात. "पाट पुरा झाला आहे," तो सिंहासनाला म्हणाला. सिंहासन म्हणाले, "नाही."

राजाने चारुमतीकडे पाहिले. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. तिची दृष्टी त्याच्या खांद्यावरून दाराकडे लागली होती. राजा वळला. दारात, ऊन डोक्यावर घेऊन, निंबराज हात जोडून उभा होता.

कंठावर साल चढत होती. राजाने कन्येच्या पायाशी ठेवलेला पाट उचलला. तो मंडप ओलांडून दारापर्यंत गेला, त्याने तो वृद्धापुढे मांडला आणि आपल्या उपरण्याने पुसला.

"निंबराज, बसावे. फार वेळ उभे ठेवले."

वृद्ध सुतार गुडघ्यांवर हात टेकून सावकाश बसला. पाट करकरला नाही. निंबराजाने एकदा डावीकडे भार दिला, एकदा उजवीकडे.

"एका अंगाला केसभर कमी आहे, महाराज."

"पुन्हा घासू?"

"नको. माणूस बसला की पाट पुरा होतो. पाणी मिळेल?"

राजा स्वतः पाणी आणायला वळला, तेव्हा मंडपात साल गळून पडण्याचा आवाज झाला. मुळे दगडातून सुटली. चारुमती पायरीवर एकदम खाली बसली, आणि इतक्या महिन्यांनी बसायला मिळाल्याने तिथेच बसून हसू लागली. सिंहासन त्यानंतर कधी बोलले नाही. त्या दिवसापासून राजवाड्याच्या दारी आलेल्या प्रत्येकाला आधी पाट मिळू लागला, मग पाणी, मग काम विचारले जाऊ लागले. तांब्या घेऊन राजा दारी परतला तो दिवस धृतिमानाच्या राज्याच्या बाराव्या वर्षातील आश्विन शुद्ध त्रयोदशीचा, बुधवारचा होता.