मोरीतला दिवा

काचेच्या एका छोट्या तळ्याला दिव्याचंच आभाळ होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या महागड्या निळ्या दिव्याखाली मासोळी झळकायची, पाणवेल मात्र पिवळी पडत चालली होती. तिची गळणारी पानं बघून म्हातारी गोगलगाय कासावीस व्हायची.

एके दिवशी निळा दिवा गेला. मालकिणीने मोरीतला साधा पांढरा दिवा काढून तिथे लावला.

“अगंबाई, मोरीतलं आभाळ!” मासोळी फिसकन हसली.

“मला नुसता उजेड देता येतो,” दिवा ओशाळून म्हणाला.

“तेवढाच दे, बाबा,” गोगलगाय म्हणाली.

हळूहळू वेलीला पोपटी कोंब फुटला. एका दुपारी त्याच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा धरला आणि लखलखत वर गेला. मागोमाग बुडबुड्यांची माळच सुटली.

“मावशी, हे काय गं?” मासोळीने हळूच विचारलं.

“वेल श्वास सोडतेय.”

मासोळी शेपूट हलवायचीसुद्धा विसरली.