वेशीतली घुंगरमाळ

त्या मुलखात आखाडा एकच होता, पण आत जायच्या वाटा दोन होत्या. वळूंनी वेशीतून यायचं आणि एडक्यांनी मोरीतून. मोरी म्हणजे आखाड्यातलं पावसाचं पाणी बाहेर जायला दगडी भिंतीत ठेवलेलं भोक. एडक्याला गुडघे टेकून, मान मुडपून शिरावं लागे आणि वरचा दगड पाठीवरून खरवडत जाई. हे कुणी ठरवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. ज्या गोष्टीचा बाप सापडत नाही, तिला रूढी म्हणायची पद्धत सगळीकडे आहे, तशी तिथंही होती.

मग झुंबर आला. शिंगं पळसाच्या फुलांनी केशरी रंगवलेली, गळ्यात एकवीस घुंगरांची माळ, आणि तोंड असं की बंदच होत नसे. पहिल्याच टकरीच्या दिवशी तो वेशीत उभा राहिला. पहाऱ्यावरचा वळू म्हणाला, "मोरी तिकडं आहे."

"मोरीतून पाणी जातं," झुंबर म्हणाला. "मी पाणी दिसतोय का? जरा चाखून बघ."

तीन दिवस तो उन्हात तिथंच उभा होता. जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचा, "आत माझ्यासमोरचा गडी खोळंबलाय, त्याला सांगा, तिसऱ्या धडकेला पाडीन. उगाच जेवून येऊ नको म्हणावं." तिसऱ्या दिवशी आतली गर्दी इतकी खूर आपटायला लागली की भिंतीची माती गळू लागली, आणि पहारेकरी बाजूला झाला. झुंबर घुंगरं वाजवत आत गेला आणि खरोखर तिसऱ्या धडकेला त्यानं गडी पाडला. त्या दिवसापासून सगळे एडके वेशीतून येऊ लागले.

पुढं त्यांतला एकच पुन्हा मोरीकडं वळला. तो कोंडबा.

कोंडबा झुंबरच्या बरोबरीचा, अंगानं थोराड, बोलायला कंजूष. झुंबरनं हरवलेला शेवटचा गडी तोच. त्या टकरीत कोंडबाचं डावं शिंग टोकाशी मोडलं. झुंबर हसला, ते टोक त्यानं उचललं आणि आपल्या माळेत घुंगरांच्या मधोमध ओवलं. पुढं जिथं जाईल तिथं ते मिरवलं. कोंडबानं त्या दिवशी मनाशी गाठ मारली : याच्या उपकाराच्या वाटेनं आपण जायचं नाही. इतर एडके ताठ मानेनं वेशीतून जात, तेव्हा हा एकटा गुडघे टेकून मोरीतून शिरे. खरवडून खरवडून त्याच्या पाठीवरची लोकर एका पट्ट्यात कायमची गेली होती. त्याला तो पट्टा म्हणजे स्वाभिमान वाटायचा.

झुंबर म्हातारा होऊन मेला आणि आखाड्यात सभा बसली. त्या मुलखाचा नेम असा : विजेता गेला की त्याची माळ मधल्या शिळेवर ठेवायची आणि त्याच्याविषयी बोलायचं ते फक्त त्यानं पाडलेल्यांनी. माल कसा होता ते विकणाऱ्याला नव्हे, वापरणाऱ्याला विचारावं, तसलाच हा शहाणपणा. सगळ्यांत शेवटी हरलेल्याचा शब्द अखेरचा, आणि माळ वाहायची तीही त्यानंच. थोर ठरला तर माळ वेशीच्या खुंटीला टांगायची. नाहीतर नदीकाठच्या खड्ड्यात पुरायची, आणि माळेबरोबर त्यानं सुरू केलेल्या चालीरीतीही पुरल्या जायच्या.

वळूंचा म्होरक्या भुजंगराव पुढंच बसला होता. माळ पुरली की वेस पुन्हा आपल्या एकट्यांची, हे त्यानं सांगायची गरज नव्हती.

सहा एडके बोलले. तिघं म्हणाले, असा गडी पुन्हा होणे नाही. तिघं म्हणाले, फुशारक्या मारायचा, पडलेल्याला हसायचा, स्वतःच्या नावानं स्वतःच ओरडायचा. गंमत अशी की सहाही खरं बोलत होते.

भुजंगराव गोड आवाजात म्हणाला, "कोंडबा, तुम्ही जुन्या वळणाचे. इतकी वर्षं मोरीतून येता, कधी कुरकुर नाही. सांगा बरं, मोरीत त्रास तो काय?"

मागून साळू मेंढी ओरडली, "शिंग मोडलंय रे त्याचं, अक्कल शाबूत असू दे म्हणजे झालं!"

"गप गं साळू," कोंडबा म्हणाला. मग त्यानं माळेकडं पाहिलं. मधोमध त्याच्या शिंगाचं टोक लोंबत होतं. "टक्कर जोरकस होती त्याची. ती नाकारणार नाही. पण मला हसला तो. माळ पुरा."

एडक्यांच्या रांगांत कुणी हललं नाही. वळूंनी शेपट्या उडवल्या. कोंडबानं उरलेल्या शिंगात माळ अडकवली आणि सवयीनं निघाला मोरीकडं.

गुडघे टेकले, मान मुडपली. माळ दगडाला अडली. त्यानं मान आणखी खाली घेतली. माळ शिंगावरून घसरून पडली. पुन्हा अडकवली, पुन्हा शिरला, पुन्हा घुंगरं दगडाला आपटली. तिसऱ्यांदा त्यानं जोर केला तेव्हा नेमकं त्याच्याच शिंगाचं टोक भोकाच्या काठाला अडकलं आणि आत जाईना.

कोंडबा तसाच गुडघ्यांवर थांबला. ते टोक त्याच्या नाकासमोर होतं. इतकी वर्षं आपण या भोकातून सरपटत होतो, आणि हा आपला तुकडा घुंगरांच्या तालावर वेशीतून जात-येत होता. ते टोक गुळगुळीत झालं होतं. माळ ज्याच्या गळ्यात असायची, त्यानंच त्याला रोज तेल लावलं असणार.

तो मागं सरला. उठला.

"कोंडबा, नदीची वाट..." भुजंगरावानं सुरुवात केली.

"ठाऊक आहे मला वाट," कोंडबा म्हणाला, आणि वळला वेशीकडं.

घुंगरं वाजू लागली. म्हाताऱ्याची चाल धिमी, म्हणून आवाज उलट जास्तच ठसठशीत. साळूनं पहिला खूर आपटला, मग रांगांमागून रांगा आपटू लागल्या, आणि भिंतीची माती पुन्हा एकदा गळू लागली. पहाऱ्यावरचा वळू, त्याच जुन्या पहारेकऱ्याचा नातू, न सांगता बाजूला झाला.

कमानीखाली येताच कोंडबानं सवयीनं गुडघे मोडले, मान खाली घातली आणि पाठीवर दगड खरवडायची वाट पाहिली. दगड हातभर वर होता. नुसतं ऊन पडलं त्या पट्ट्यावर.

त्यानं मान उंच करून माळ खुंटीला टांगली. शिंगाचं टोक घुंगरांच्या मधोमध डुलत राहिलं. काम संपलं होतं, पण कोंडबा घरी गेला नाही. तो वेशीतून पुन्हा आत आला, थोडासा वाकून. पुन्हा बाहेर गेला. पुन्हा आत आला. लोक खूर आपटत होते, साळू हसून हसून लोळत होती, आणि तिसऱ्या खेपेला तो वाकायचं विसरला.