सायत्राचे उलटे फेरे

वेळ सकाळची, दिवस कासराभर वर आलेला. महिना आषाढ. जागा वैनगंगेचा कोटरा घाट, जिथे आज भोवरा आहे. नदीतले बाकीचे भोवरे पाण्याच्या ओढीप्रमाणे कधी असे, कधी तसे फिरतात. हा एकच बाराही महिने उलटा फिरतो, चितेभोवती फेरे घेतात तसा. घाटावर होडी चालवणारे म्हातारे ढिवर सदूजी मारबते पाहुण्यांना त्याचे कारण सांगतात.

त्या सकाळी नदी दोन्ही थड्या भरून चालली होती, म्हणे. पलीकडे गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या, बांध्यांत धानाची रोवणी खोळंबली होती. डोंगा सोड, असे सांगायला निरोप्या आला, पण डोमा ढिवराने नकार दिला. निरोप्या पुन्हा आला, तेव्हा त्याने बायकोकडे, सायत्राकडे, एकदा पाहिले आणि वल्हे उचलले. डोंग्यात रोवणीच्या बाया होत्या. मधल्या धारेत डोंगा उलटला. बायांची प्रेते खालच्या गावांत थडीला लागली. डोमाचे सापडले नाही.

मालगुजाराने चावडीवर सांगून टाकले की डोमा आपल्या मर्जीने पुरात गेला, बाया बुडवल्या आणि पोहून पळाला. पंचांनी माना डोलावल्या. प्रेत नाही म्हणजे मरण नाही, आणि मरण नाही तर क्रियाकर्म कशाचे? सायत्राला बजावले, बांगड्या फोडायच्या नाहीत. एकाने टोमणाही मारला, "नशीबवान हायेस बाई. तुहा नवरा कुठंतरी मासोळ्या खात बसला असंल."

बाया पाण्यात असताना डोमा थडीला लागणारा नव्हता, हे सायत्राला ठाऊक होते. ती मालगुजारासमोर उभी राहिली.

"पळपुट्याची बायको म्हणून बांगड्या घालू का जी? मेला तो. मले बांगड्या फोडू द्या. अन् त्याले पुरात कोणं पाठवलं, तेही सांगा."

मालगुजार उठून आत गेला.

मग सायत्राने चितेभोवती फिरवतात तसे भोक पाडलेले मडके पाण्याने भरून खांद्यावर घेतले आणि दिराचा लहान डोंगा पाण्यात ढकलला. बाईने मडके धरायचे नसते. थडीवरून दीर हाका मारत राहिला, "वैनी, वापस ये." डोंगा उलटला होता तिथे जाऊन तिने एका हाताने वल्हे मारत त्या जागेभोवती उलटे फेरे घेतले. मडक्याच्या भोकातून धार नदीत गळत होती. शेवटच्या फेऱ्याला तिने मडके मागे टाकले आणि डोंग्याच्या काठावर मनगटे आपटून बांगड्या फोडल्या. असे सांगतात की सायत्रा थडीकडे वळली, पाणी मात्र थांबले नाही. ते तिच्यामागे फेरे घेतच राहिले.

त्यानंतर तिला कोणी पळपुट्याची बायको म्हटले नाही. पण ज्यांनी आधी म्हटले होते, त्यांतला एकही तिच्या दारी आला नाही. ती म्हातारी होऊन, एकटीच मेली.

आजही तिथे आले की ढिवर वल्हे उचलून धरतात आणि गप्प होतात. रोवणीला पलीकडे निघालेल्या बाया पाण्यात एक काचेची बांगडी सोडतात. मालगुजारी कधीच गेली. त्या घराण्यातले लोकही ही कथा सांगतात, फक्त त्यांच्या सांगण्यात डोमा आपणहून निघतो. डोमाच्या दारी निरोप्या कोणी धाडला, याचे उत्तर त्या घरातून अजून कोणी दिलेले नाही.