पाणी कसं आहे?

मुलांनो, ओळखीचे कुणी समोरून येत असताना तुम्ही कधी मुद्दाम दुसरीकडे पाहिले आहे का? पाहिले असेल तर ही गोष्ट नीट ऐका, आणि नसेल तरीही ऐका, कारण अशी वेळ कधी ना कधी प्रत्येकावर येते.

एक जंगल डोंगरावरून उतरत उतरत थेट समुद्रापर्यंत आले होते. त्याची शेवटची झाडे खाऱ्या वाऱ्याने वाकली होती, आणि त्या झाडांजवळच एक खाडी समुद्राला मिळत असे. खाडीच्या तोंडाशी, पाण्याखाली, वाळूचा एक लांब दांडा होता. समुद्रातून येणारी लाट त्या दांड्यावर आली की ताठ उभी राही, क्षणभर थबके आणि मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुरेख उलगडत जाई. त्या लाटेवर स्वार होऊन किनाऱ्यापर्यंत घसरत यायचे, हा तिथल्या चार प्राण्यांचा रोज सकाळचा आनंद होता.

त्यांतला पहिला होता एक ऊद. काही जण त्याला पाणमांजर म्हणतात. पोट पाण्याला टेकवून तो लाटेवरून असा सरसरत येई की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. दुसरी होती एक वयस्कर कासवीण. तिला घाई कधीच नसे. तिसरे होते एक बडबडे बदक. आणि चौथे होते एक माकड. माकडाला पोहणे बेताचेच येत होते, म्हणून ते केळीच्या खोडावर पालथे पडून लाटेवर येई, आणि दहांतल्या नऊ वेळा खोड एकीकडे आणि माकड दुसरीकडे अशी गत होई.

या चौघांची एक जुनी रीत होती. किनाऱ्यावर एक काळा खडक होता. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने त्या खडकापाशी थांबायचे आणि आत असलेल्यांना विचारायचे, "पाणी कसं आहे?" आत असलेल्यांनी जे ठाऊक असेल ते सांगायचे. "आज गार आहे." "डावीकडे झार आलेत, ते बुळबुळीत जेलीमासे, डंख करतील." "लाटा उशिरा येताहेत, पण मोठ्या येताहेत." मग नव्याने आलेल्याने रांगेत सर्वांच्या मागे जाऊन तरंगत राहायचे आणि आपली पाळी आली की लाट घ्यायची. कुणी लाटेवरून पडले की बाकीचे ओरडत, "शाबूत?" आणि पडलेल्याने नाकातोंडातले पाणी फुर्रकन उडवून म्हणायचे, "शाबूत!" मग सगळे हसत. ही रीत कुणी घातली ते कासविणीलाही आठवत नव्हते.

एके दिवशी सकाळी खूप मोठी लाट आली. अशी लाट वर्षातून एखादीच येते. पाळी उदाची होती. तो वळला, त्याने अंग सैल सोडले आणि लाटेने त्याला उचलले. इतक्यात समोर पाहतो तो काय, आधीच्या लाटेवरून पडलेले माकड आपले खोड शोधत नेमके त्याच्या वाटेत तरंगत होते! ऊद वळला, तोल गेला, आणि वर्षाची ती लाट त्याच्याशिवायच किनाऱ्याकडे निघून गेली.

"शाबूत?" बदकाने सवयीने विचारले.

 "शाबूत" म्हणायचे सोडून ऊद माकडासमोर जाऊन फिस्कारला, "पाण्यात उतरायची अक्कल नाही तर झाडावर बसावं माणसाने... माकडाने! लाकडाला मिठी मारून येतो आणि म्हणे लाटेवर स्वार!"

"चुकलं, ऊददादा," माकड म्हणाले. "खोड निसटलं हो. दिसलंच नाही तुम्ही आलेले."

"तुला काय दिसतं? केळं सोडून?"

बदक खुदकन हसणार होते, पण उदाचा चेहरा पाहून ते हसू त्याने चोचीतच गिळले.

दुसऱ्या दिवसापासून ऊद बदलला. तो सर्वांच्या आधी येऊन लाट जिथे पहिल्यांदा उभी राहते तिथे ठाण मांडून बसे. खडकावरून "पाणी कसं आहे?" असा आवाज आला की तो क्षितिजाकडे पाहत राही. त्याच्या मनात येई, 'यांना उत्तर देत बसलो तर माझं लक्ष उडेल. आणि उत्तर दिलं की हे येणार, येऊन माझी लाट बिघडवणार.' पाळी कुणाचीही असो, चांगली लाट आली की तो पुढे घुसून ती घेई.

मिठाचा खडा एवढासा असतो, पण भांडेभर दूध नासवतो. उदाने बदकाला झिडकारले, म्हणून बदक कासविणीवर खेकसले. आणि ज्या कासविणीने सगळ्या हयातीत कुणाला वाकडा शब्द बोललेला नव्हता, ती माकडाला म्हणाली, "जरा लांब बसता येत नाही का रे तुला?" बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली. किती तरी वेळ ती मान कवचात घेऊन बसली. मग म्हणाली, "चला, आपण तिकडे जाऊ. पाणी तेच आहे, पण इथे उतरलं की माझं मन कडू होतं. मला या वयात कडू व्हायचं नाही."

त्या दिवसापासून तिघेही पलीकडच्या टोकाला, खडकांजवळ, लहान लहान लाटांवर खेळू लागले. त्या लाटा गुडघाभरही नव्हत्या. पण वारा तिकडून असला की "शाबूत?" "शाबूत!" अशा आरोळ्या आणि बदकाचे खिदळणे उदाला ऐकू येई.

'बरं झालं,' ऊद मनाशी म्हणाला. 'आता सगळ्या लाटा माझ्या.'

आणि खरेच, सगळ्या लाटा त्याच्या झाल्या. तो हवी ती लाट घेई, नको ती सोडून देई. एका सकाळी तर त्याच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर लाट त्याला मिळाली. ती निळसर काचेसारखी होती आणि सकाळचे ऊन तिच्यातून आरपार दिसत होते. तिच्यावरून तो अगदी शेवटपर्यंत आला, वाळूला लागला आणि आनंदाने त्याने मागे वळून पाहिले. मागे कुणीच नव्हते. एक खेकडा होता, तोही बिळात शिरला. "पाहिलंस?" असे विचारायला उदाला कुणी सापडले नाही. त्याने अंग झटकले. पुन्हा पाण्यात जावे असे त्याला वाटेना, आणि तसे का वाटत नाही हेही त्याला समजेना.

मनात कधी तरी येई की आज खडकापाशी थांबावे, सहज विचारावे. पण जे रोज सहज होते, ते इतके दिवस न केल्यामुळे आता डोंगराएवढे अवघड झाले होते. 'मीच आधी का बोलू?' असे म्हणून तो पुढे जाई.

पुढे अमावास्येचे मोठे उधाण आले आणि भरतीच्या जोराने खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा मधोमध फुटला. वरून काहीच दिसत नव्हते. उलट त्या जागी पाणी अधिकच शांत, गुळगुळीत दिसत होते. पण ओहोटी लागली की खाडीचे सगळे पाणी त्या फटीतून समुद्राकडे धावत सुटे. सकाळी बदकाने वरून उडताना पाण्याचा बदललेला रंग पाहिला, कासविणीने पायाखालची ओढ ओळखली आणि काळ्या खडकापाशी माकड आल्यावर दोघांनी त्याला सांगितले, "आज मधल्या पाण्यात जाऊ नकोस. दांडा फुटलाय."

तेवढ्यात ऊद आला. माकड खडकावरच होते. त्याने तोंड उघडले, "ऊददादा, अहो..."

"सरक," ऊद म्हणाला.

माकड सरकले. 'विचारलं नाही त्याला कशाला सांगायचं?' असे त्याच्या मनात आले, आणि त्याने तोंड मिटून घेतले.

ऊद पाण्यात शिरला. सुरुवातीला त्याला गंमत वाटली. फारसे पाय न मारताच तो भराभर पुढे जात होता. मग लाट घ्यायला म्हणून तो वळला, आणि पाहतो तर किनारा भलताच लांब गेला होता. तो किनाऱ्याच्या दिशेने पोहू लागला. ओढीने त्याला मागे नेले. त्याने आणखी जोर लावला. तो सर्वांत पट्टीचा पोहणारा होता, पण समुद्राला ते कुठे ठाऊक होते? जितका तो झगडे तितकीच झाडे लहान होत जात. त्याचे पाय जड झाले, छाती भरून आली. एक लाट त्याच्या डोक्यावरून गेली, मग दुसरी.

हाक मारायला हवी होती. पण काय म्हणून मारायची? ज्यांना आपण इतके दिवस ओळखही दाखवली नाही, त्यांना "वाचवा" म्हणताना त्याची जीभ उचलेना. तिसरी लाट डोक्यावरून गेली. ती ओसरल्यावर, कसाबसा श्वास घेऊन, त्याच्या तोंडून लहानपणापासून मुरलेले तेच शब्द बाहेर पडले.

"पाणी... पाणी कसं आहे?"

पलीकडच्या खडकांजवळ खेळणारे तिघे थबकले.

"घ्या! आता विचारतोय," बदक म्हणाले. "पाक आटून गेल्यावर साखर किती म्हणून विचारतोय!"

"विचारलं ना?" कासवीण म्हणाली. "मग सांगायला हवं. कुणी विचारलं ते पाहायचं नसतं."

तोपर्यंत माकड तिथल्या खडकांच्या टोकावर पोहोचलेही होते. दोन्ही हात तोंडाशी धरून ते जीव खाऊन ओरडले, "ओढ आहे, ऊददादा! दांडा फुटलाय! किनाऱ्याकडे येऊ नका, आडवे पोहा! आडवे! खडकांकडे!"

"दमलाय तो," कासवीण म्हणाली. "आडवं पोहायलाही अंगात काही उरलं नसेल. मी जाईपर्यंत उशीर होईल."

माकडाने आपल्या केळीच्या खोडाकडे पाहिले. किती दिवस पोटाखाली धरून धरून ते त्याच्या पोटासारखेच गुळगुळीत झाले होते. त्याने ते उचलले, धावत, जिथून खाडीचे पाणी फटीकडे ओढले जात होते त्या काठाशी नेले आणि ओढीत ढकलून दिले. जी ओढ उदाला घेऊन चालली होती, तिनेच ते खोड अचूक त्याच्यापर्यंत नेले. उदाने त्याला मिठी मारली. लाकडाला मिठी मारणाऱ्याला तो हसला होता, ते त्याला त्या क्षणी आठवले. त्याने डोळे मिटून घेतले आणि खोड आणखी घट्ट धरले.

थोडा श्वास परत आल्यावर तो माकडाने सांगितल्याप्रमाणे आडवा पोहू लागला. बदक त्याच्या डोक्यावरून खडकांकडे उडत वाट दाखवत होते आणि उडताना एकसारखे बोलत होते. "इकडे, इकडे. आता थोडंच. तिकडे नाही हो, इकडे! मोठे पोहणारे म्हणे!" ती बडबड उदाला पूर्वी कधी इतकी गोड वाटली नव्हती. हळूहळू ओढ सैल झाली, आणि खडकांजवळच्या गुडघाभर लाटेने त्याला उचलून वाळूवर आणून ठेवले. त्या गडबडीत खोड हातातून सुटले आणि समुद्राकडे वाहत गेले.

माकड वाकून त्याच्याकडे पाहत होते. "शाबूत?" त्याने हळूच विचारले.

उदाला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर तो म्हणाला, "शाबूत." आणि थोड्या वेळाने, "तुझं खोड गेलं रे."

"मला सकाळीच ठाऊक होतं, ऊददादा," माकड म्हणाले. त्याचे डोळे भरून आले होते. "दांडा फुटलाय ते. मी सांगितलं नाही तुम्हाला."

"सांगायला निघाला होतास," ऊद म्हणाला. "मीच सरक म्हणालो."

 कासवीण जवळ येऊन दोघांच्या मधे बसली, आणि चौघेही ओहोटी संपेपर्यंत ऊन खात वाळूवर पडून राहिले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊद सर्वांत उशिरा आला, कारण तो खाडीच्या वरच्या अंगाने केळीचे एक नवे खोड ओढत आणत होता. ते त्याने माकडाच्या हवाली केले, काळ्या खडकापाशी थांबून "पाणी कसं आहे?" असे विचारले, सर्वांची उत्तरे ऐकून घेतली आणि तो पलीकडच्या खडकांजवळ रांगेत सर्वांच्या मागे जाऊन तरंगत राहिला. चौथी लाट त्याची होती.

तात्पर्य : सोबत्यांची विचारपूस ही नुसती औपचारिकता नसते; जो ती मोडतो, तो संकटात हाक मारण्याची आपलीच वाट बंद करतो. आणि विचारणारा कसाही वागलेला असो, जीवावरची गोष्ट ठाऊक असलेल्याने गप्प राहू नये.