चौतीस उंबऱ्यांचा रोल

धरणाच्या पाण्याखाली जायचं ठरलेल्या एका गावात सखाहरी नावाचा पोस्टमन राहत होता. गावात घरं चौतीस. सव्वीस वर्षं तो त्याच चौतीस उंबऱ्यांवर पत्रं पोचवत आला होता. कुणाला पत्र वाचून दाखवावं लागतं, कुणाच्या घरी वाईट बातमी आधी थोरल्याच्या कानावर घालायची, हे सगळं त्याला पाठ होतं. लोक त्याला तात्या म्हणत आणि त्याच्या शब्दावर विसंबून राहत.

त्या वर्षी चैत्रात सरकारी माणूस आला आणि तारीख सांगून गेला. वैशाख संपायच्या आत गाव रिकामं करायचं. प्रत्येकानं आपलं घर आपल्याच हातांनी उतरवायचं, लाकूड, कौलं, दारं नव्या वसाहतीत न्यायची. पावसाळ्यात पाणी चढणार.

लोक बांधाबांधीला लागले. सखाहरीच्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत राहिली. कौलं नेता येतील, दारं नेता येतील, पण हे गाव दिसत कसं होतं ते कशात बांधून नेणार? शहरात राहणाऱ्या पुतण्याकडे कॅमेरा होता. सखाहरी तो दिवाळीपर्यंत मागून घेऊन आला. छत्तीस फोटोंचा एक रोल घातला. प्रत्येक कुटुंबाचा त्याच्या त्याच्या उंबऱ्यावर एक फोटो. उरलेल्या दोनांत शाळा आणि विहीर.

दोन दिवस गावात सण असल्यासारखं झालं. माणसं आंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून दारात उभी राहिली. एकानं बैलही शेजारी उभा केला आणि ‘याचं शिंग कापू नका हो फोटोत,’ म्हणून चारदा बजावलं. 

शेवटचं घर हौसाबाईचं. तिच्या ओसरीच्या मातीच्या भिंतीवर कोळशानं काढलेली एक बैलगाडी होती. तिच्या नऊ वर्षांच्या मुलानं ती काढली होती. तो मुलगा साप चावून गेला, त्याला अकरा वर्षं झाली होती. दर दिवाळीला हौसाबाई सगळं घर सारवी, तेवढी वीतभर भिंत सोडून.

“भाऊजी, मी नाही आले तरी चालेल,” ती म्हणाली, “पण ही भिंत नीट येऊ द्या. दार नेईन, खुंट्या नेईन. माती कशी नेऊ?”

सखाहरीनं तिला भिंतीशेजारी उभं केलं आणि श्वास रोखून बटण दाबलं.

तालुक्याला जयवंतशेठचं फोटोचं दुकान होतं. नुकतंच त्यानं रोल धुवायचं नवं यंत्र आणलं होतं आणि काचेवर मोठ्या अक्षरांत ‘एका तासात फोटो’ असं लिहून घेतलं होतं. बुधवारी बाजाराच्या दिवशी सखाहरीनं रोल त्याच्या हातात दिला. तो गावाचा रोल आहे, गाव पाण्यात जाणार आहे, हेही सांगितलं. शेठनं मान डोलावली. सखाहरी बाकावर बसून राहिला. एक तास गेला, दोन गेले. आतून काहीतरी आदळल्याचा आवाज आला. मग शेठ घाम पुसत बाहेर आला.

“आज गर्दी आहे. पुढच्या बुधवारी या.”

पुढच्या बुधवारी फोटोचा कागद संपला होता.

तिसऱ्या बुधवारी सखाहरी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसला. शुक्रवारपासून घरं उतरवायची होती. गावातली निम्मी माणसं रोज त्याला फोटोंबद्दल विचारत होती. हौसाबाई तर हटून बसली होती. फोटो हातात पडल्याशिवाय भिंतीला पहार लावू देणार नाही, असं तिनं भावाला बजावलं होतं.

“शेठ, एक विचारू?” सखाहरी म्हणाला. “फोटो आलेत ना नीट? मी काही सराईत माणूस नाही. चुकलं असेल तर आत्ताच सांगा. कॅमेरा अजून माझ्याकडेच आहे. घरं अजून उभी आहेत. आज नवा रोल घेतला तर उद्या सगळे फोटो पुन्हा काढता येतील. परवापासून मात्र काही उरणार नाही.”

जयवंतशेठनं काउंटरवरची धूळ फडक्यानं पुसली. पुसलेली जागा पुन्हा पुसली.

“झकास आलेत,” तो म्हणाला. “तुम्ही बिनघोर जा.”

“मग एखादा दाखवता? एका बाईला सांगायचंय.”

“अर्धवट काम दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही. सगळे एकदम देतो. पुढच्या बुधवारी.”

सखाहरी हलक्या मनानं परतला. एसटीतून उतरल्यावर तो घरीसुद्धा गेला नाही. आधी हौसाबाईकडे गेला.

“वहिनी, फोटो झकास आलेत.”

“तुम्ही पाहिलेत?”

“शेठनं स्वतः सांगितलं,” तो म्हणाला.

हौसाबाईनं भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुम्ही म्हणताय तर झालं.”

शुक्रवारी तिच्या भावानं पहार मारली. कोरडी मातीची भिंत ती, दोन घावांत खाली आली. हौसाबाई त्या वेळी विहिरीवर जाऊन बसली होती.

वैशाख संपायच्या आत गाव वसाहतीत आलं. पत्र्याच्या खोल्या, दारावर आकडे. कोण कुठे राहतं ते लोकांना समजेना, फक्त पोस्टमनला समजे. पावसाळा लागला. आषाढात कुणीतरी टेकडीवरून पाहून आलं आणि म्हणालं, शाळेचा कळससुद्धा दिसत नाही आता. शाळेला कळस नव्हताच. तो देवळाचा होता. पण कुणी त्याची चूक दुरुस्त केली नाही.

फोटो मात्र आले नव्हते. सखाहरी एकही बुधवार चुकवत नव्हता. कधी यंत्र बिघडलेलं असे, कधी वीज गेलेली असे. एकदा शेठ म्हणाला, रोल मोठ्या शहरात पाठवलाय, तिथे रंग चांगले येतात. एकदा त्यानं सखाहरीला ओळखलंच नाही. “कुठला रोल? पावती आहे?” सखाहरीनं पावती काढली. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून तो ती खिशातच ठेवत असे. शेठनं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “हां हां. पुढच्या बुधवारी.” मागे उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. “मामा, तुम्ही रोज येता की काय इथं?”

इतक्या वर्षांत सखाहरीनं कुणावर आवाज चढवला नव्हता. त्यानं पावतीची घडी करून ती पुन्हा पिशवीत ठेवली. पण परत येताना त्याला वसाहतीच्या रस्त्यानं जायची भीती वाटू लागली. दारादारांतून माणसं पत्राआधी फोटोचं विचारत. हौसाबाई विचारत नसे. ती फक्त बुधवारी संध्याकाळी खोलीच्या दारात बसलेली असे.

श्रावणातल्या एका बुधवारी दुकानात शेठ नव्हता. त्याची बायको काउंटरवर बसली होती. सखाहरीनं पावती पुढे केली. तिनं नंबर वाचला, वहीत बोट फिरवलं आणि सहज म्हणाली,

“अहो, हा रोल तर पहिल्याच दिवशी गेला. यंत्रात अडकला म्हणून ह्यांनी झाकण उघडलं. उजेड लागला. अख्खा काळा पडला. तुम्हाला सांगितलं नाही का?”

सखाहरी खाली बाकावर बसला. तिनं घाबरून पाण्याचा पेला आणला. त्यानं तो हातात घेतला, पण प्यायला नाही.

तेवढ्यात जयवंतशेठ आला. बायकोचा चेहरा पाहून त्याला सगळं कळलं.

“हे बघा, चूक कुणाच्याही हातून होते,” तो म्हणाला. “यंत्र नवीन होतं. तुम्ही रागवाल म्हणून म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. मग दोनाचे आठ झाले. पुढे सांगायला तोंडच राहिलं नाही.”

“यंत्राचं मी काही म्हणत नाही, शेठ,” सखाहरी म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली होता. “यंत्र अडकतं. पण त्या बुधवारी मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा घरं उभी होती हो.”

शेठनं मागच्या फळीवरून नवा रोल काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. “हा घ्या. फुकट. पुन्हा काढा फोटो. धुवायचेही काही घेत नाही.”

“कशाचे काढू?” सखाहरीनं विचारलं.

सखाहरी रोल तिथेच ठेवून निघाला.

एसटीत खिडकीशी बसल्यावर त्याच्या मनात हळूच एक गोष्ट आली. गावाला काय सांगायचं? फोटो मुंबईला गेलेत, असं म्हटलं तर? दिवाळीपर्यंत कुणी विचारणार नाही. दिवाळीनंतर अजून काही सांगता येईल. वर्षभरात लोक विसरतील. म्हातारे तर जातीलही. वाक्य त्याच्या जिभेवर अगदी तयार होतं, आणि ते किती सोपं होतं हे पाहून त्याचं त्यालाच भय वाटलं. जयवंतशेठला पहिल्या दिवशी असंच वाटलं असणार.

वसाहतीत उतरल्यावर तो थेट मधल्या पत्र्याच्या शेडखाली गेला आणि माणसं गोळा केली. जे झालं ते सांगितलं. काही वगळलं नाही. आपण एकही फोटो डोळ्यांनी न पाहता ‘झकास आलेत’ म्हणून सांगत फिरलो, हेही सांगितलं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ज्यानं बैल उभा केला होता तो एवढंच म्हणाला, “तात्या, तुमच्यावर सोडायला नको होतं,” आणि उठून गेला. एकेक करून बाकीचेही गेले.

हौसाबाई शेवटपर्यंत बसून होती.

“मी भिंत पाडू देत नव्हते,” ती म्हणाली. “तुमच्या शब्दावर पाडली.”

“हो वहिनी. माझ्या शब्दावर पाडली.”

ती उभी राहिली. पदर खांद्यावरून घेतला. “आज सांगितलंत ते बरं केलंत. दर बुधवारी दारात बसत होते. आता नाही बसणार.” ती आपल्या खोलीकडे चालू लागली. तिनं सखाहरीला माफ केलं की नाही, ते त्याला कधी कळलं नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत चार वर्षं सखाहरीनं त्या वसाहतीत पत्रं पोचवली. काही घरांतून हात बाहेर येई, पत्र घेई आणि दार लागे. चहा घेऊन जा, असं कुणी म्हणत नसे.

जयवंतशेठचं दुकान चांगलं चाललं. त्यानं आणखी एक यंत्र घेतलं. फरक एवढाच पडला की, त्या बुधवारनंतर त्यानं बायकोला पुन्हा काउंटरवर बसू दिलं नाही.

तात्पर्य: हातून झालेली चूक वेळेवर सांगितली तर ती सुधारायला दिवस मिळतात, ती लपवणारा माणूस ते दिवसच चोरतो, आणि मग पुढे केलेली कुठलीही भरपाई कुणाच्या उपयोगाची राहत नाही.